शिबिर झालं, आता घर: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करताना आनापान आणि मैत्री कशी टिकवायची?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं आहे, त्यामुळे आनापान (येणारा-जाणारा श्वास नुसता बघणं), विपश्यना (अंगातल्या संवेदना बघणं), मैत्री (मनातून सगळ्यांचं भलं चिंतणं) यांची तोंडओळख आहे. घरी सासूबाईंना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली आहे, बोलणं अडखळतं, पण चिडून ओरडता येतं. दुपारी मावशी येतात, सकाळ-संध्याकाळ आणि रात्र माझ्याकडे. मी नोकरी करते.

अडचणी अशा:

१. दोन वेळा तास-तास बसणं अशक्य आहे. बसले की डुलकी लागते.
२. राग येऊन गेल्यावर 'अरे, सजग राहायचं होतं' हे आठवतं. आधी कधीच नाही.
३. सासूबाईंना मैत्री द्यायला बसते तर मनातल्या मनात भांडणच सुरू होतं. सगळं खोटं वाटतं.
४. दीर दुसऱ्या गावी असतात, काही बघत नाहीत. काही म्हटलं की 'वहिनी, तुम्ही ध्यान करता ना, मग चिडता कशाला?' नातेवाईक म्हणतात, त्यांचे भोग आहेत, तुम्ही पुण्य जोडा. करुणा म्हणजे हे सगळं गिळायचं का?

सजग राहा, प्रेमाने करा वगैरे नको. नेमकं काय करायचं ते सांगा.

---

पिंपळपान

पहिल्या मुद्द्यापुरतं लिहितो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास ही सूचना शिबिराच्या शेवटी सगळ्यांना मिळते. तिच्यासोबत आणखी एक मिळते, ती बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: रात्री झोप लागण्याआधी पाच मिनिटं आणि सकाळी जाग आल्यावर पाच मिनिटं, अंथरुणातच. तुमच्या परिस्थितीत सुरुवात इथून करा, कारण ही दहा मिनिटं कुणी हिरावून घेऊ शकत नाही. त्यावर दिवसातून एकदा वीस-पंचवीस मिनिटांची बैठक, वेळ ठरलेली. मावशी आल्यावर लगेचची वेळ मिळत असेल तर उत्तम, कारण तेव्हा कान दुसऱ्या खोलीकडे लागलेला नसतो. जेवणानंतरचा तास टाळा.

आता डुलकी. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात एक सुत्त (उपदेश) आहे. मगधातल्या एका गावात बुद्धांचे शिष्य महामोग्गल्लान बसल्या बसल्या पेंगत होते, तेव्हा बुद्धांनी त्यांना क्रमाने उपाय सांगितले. ज्या विचारामागे लागून पेंग येते तो सोडा, ऐकलेल्या धम्माचं मनात चिंतन करा, तो मोठ्याने म्हणा, दोन्ही कान ओढा आणि हातपाय चोळा, उठून डोळ्यांवर पाणी मारा, आकाशाकडे, ताऱ्यांकडे पाहा, मनात प्रकाशाची जाणीव आणा, येरझाऱ्या घाला. आणि इतकं करूनही पेंग गेली नाही तर? उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, उठायची वेळ मनाशी ठरवून झोपा. शेवटचा उपाय येरझाऱ्यांनंतर येतो आणि तो झोप हाच आहे.

रात्री दोनदा-तीनदा उठून कूस बदलणाऱ्या माणसाला जी पेंग येते ती पाच नीवरणांमधलं (ध्यानातल्या अडथळ्यांमधलं) थीनमिद्ध, म्हणजे मनाची सुस्ती, नसते, ती झोपेची उधारी असते. तिच्याशी ध्यानाने लढायला जाऊ नका. फरक ओळखायचा सोपा मार्ग: चालून, तोंड धुऊन पाच मिनिटांत पेंग उडाली तर ते मनाचं आळसावणं, नाही उडाली तर झोपा.

आनापानात घरी हमखास होणाऱ्या दोन चुका. एक, श्वास 'चांगला' घ्यायला लागणं. प्राणायामाची सवय असलेल्यांचं हे फार होतं; मग दहा मिनिटांत डोकं जड. श्वास जसा आहे तसा, लक्ष नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर. सापडतच नसेल तर चार-पाच श्वास मुद्दाम जरा जोरात घ्या, स्पर्श कळला की पुन्हा मोकळं सोडा. दुसरी, मोजणं. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात श्वास मोजायची पद्धत आहे, पाचाच्या आत थांबू नका आणि दहाच्या पुढे जाऊ नका अशी. पण इगतपुरीच्या पद्धतीत आकडा नाही, शब्दही नाही. दोन्ही बरोबर आहेत, एकाच बैठकीत मिसळू मात्र नका.

---

चाफेकळी

रुग्णशुश्रूषेच्या कामातली आहे, म्हणून दुसऱ्या मुद्द्यावर.

राग येऊन गेल्यावर लक्षात येणं हाही सतीचाच (सजगतेचाच) भाग आहे, फक्त तो उशिरा आलाय. त्याला अलीकडे ओढायचं तर 'मी रागावणार नाही' असा संकल्प उपयोगाचा नाही. शरीराकडे बघावं लागतं. राग शब्दांत यायच्या आधी अंगात येतो: जबडा आवळतो, कानाच्या पाळ्या तापतात, श्वास छातीतच तोकडा होतो. प्रत्येकाची एक ठरलेली जागा असते. तुमची कोणती ते शोधा आणि तेवढ्या एकाच जागेवर पहारा ठेवा. सगळ्या शरीरावर ठेवलात तर दिवसभरात काहीच पकडता येणार नाही.

जागा तापली की: हात रुग्णाच्या अंगावर असतील तर आधी बाजूला घ्या. रुग्ण पलंगाच्या कडेला असेल तर पहिल्यांदा सुरक्षित करा, कठडा लावा, मग हात काढा. दोन्ही तळपाय जमिनीला लागलेले जाणवू द्या. तीन श्वास होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बस. रागाच्या भरात कूस बदलली की माणूस उचलला जात नाही, ओढला जातो, आणि म्हातारी पातळ कातडी चादरीवर घासून सोलवटते. शय्याव्रणाची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

सतिपट्ठान सुत्तात संपजञ्ञाचा (करतोय त्या कामाचं पूर्ण भान ठेवण्याचा) जो भाग आहे त्यात पुढे जाणं, मागे येणं, हात आखडणं, पसरणं, खाणं, पिणं, शौच, लघवी, बोलणं, गप्प राहणं अशी यादीच आहे. अगदी शुश्रूषेची दिनचर्या! पण दिवसभर सजग राहायला जाऊ नका, संध्याकाळपर्यंत थकवा आणि अपराधीपणा यापलीकडे हाती काही लागत नाही. तीनच कामं निवडा. मी सुचवते ती ही:

भरवणं. अर्धांगवायूत गिळणं बिघडलेलं असू शकतं. पाठ टेकवून शक्य तितकं ताठ बसवा, अर्धाच चमचा, चांगल्या बाजूने. पुढचा चमचा उचलायच्या आधी गळा वर जाऊन खाली आलेला डोळ्यांनी पाहा. तोंडात मागचा घास उरलेला नाही ना, तेही बघा. फोन दुसऱ्या खोलीत. मन भरकटलं की चमचे भराभर जायला लागतात आणि ठसका लागतो, म्हणजे चुकलं की लगेच कळतं. इतकं रोखठोक आलंबन (मन टेकवायचा विषय) बैठकीतसुद्धा मिळत नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. पाण्यानेच ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, पातळ पदार्थ दाट करून द्यावे लागतात.

कूस बदलणं, साधारण दर दोन तासांनी. आधी तोंडाने सांगायचं, 'आता डावीकडे वळवते', मग हात लावायचा. चादरीसकट वळवा, अंग ओढू नका.

औषधं. पाकिटावरचं नाव ओठ हलवून वाचा, मग गोळी काढा.

एक सावधगिरी. काही जण मनात धावतं समालोचन सुरू करतात, 'आता मी चमचा उचलतेय, आता मी नेतेय'. त्याने माणूस समोरच्यापासून तुटतो. रुग्णाला ते कळतं बरं का, बोलता येत नसलं तरी.

---

सह्यवाट

मैत्रीबद्दल. खोटं वाटतंय कारण सुरुवात चुकीच्या टोकाने झाली असावी. तुम्ही थेट सासूबाईंपासून सुरू करताय का?

विसुद्धिमग्गात (इसवी सनाच्या पाचव्या शतकातला, श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी रचलेला) क्रम स्पष्ट आहे. आधी स्वतः. मग ज्यांच्याबद्दल आदर आहे अशी व्यक्ती, शिक्षक वगैरे. मग जिवलग. मग जिच्याबद्दल ना प्रेम ना राग अशी. सर्वांत शेवटी वैरी. नावडत्या माणसापासून सुरू करू नका असं त्यात चक्क बजावलं आहे, कारण मन शिणतं. जिवलगापासूनही नाही, कारण त्याचं जरा काही दुखलं-खुपलं की रडू येतं. मृत व्यक्तीला तर मैत्रीचं आलंबन करूच नये असं म्हटलंय.

पंधरा मिनिटांची बैठक अशी बसवा: सात-आठ मिनिटं नुसतं आनापान, मन निवेपर्यंत. मग स्वतःसाठी चार छोटी वाक्यं: मी वैरमुक्त असो, मनाच्या जाचातून मुक्त असो, शरीराच्या त्रासातून मुक्त असो, सुखाने स्वतःला सांभाळो. शेवटचं वाक्य विसरू नका, सेवा करणाऱ्यांनी तर नाहीच. मग आदराची व्यक्ती. मग तटस्थ, उदाहरणार्थ रोजचा दूधवाला. पहिले काही आठवडे इथेच थांबा, सासूबाईंपर्यंत जाऊच नका. दूधवाल्यासाठी वाक्यं म्हणताना छाती आवळत नाही असं झालं की पुढची पायरी.

आणि मन खदखदत असताना मैत्री करू नये. तुमच्या शिबिरातही ती दहाव्या दिवशी येते आणि रोजच्या बैठकीत शेवटची काही मिनिटंच असते. तळमळ असेल त्या दिवशी तेवढीही गाळा, संवेदना बघा, पुरे.

पुढे सासूबाईंची पायरी आली आणि राग उसळलाच, तर त्याच ग्रंथात उपाय ओळीने दिलेत. मला सर्वांत कामाचा वाटतो तो धातुविभाग (समोरच्या माणसाकडे सुट्या भागांत पाहणं): रागावलीस ती नेमकी कशावर? केसांवर? नखांवर? दातांवर? त्वचेवर? तुमच्या बाबतीत ही यादी आणखी एक पाऊल पुढे नेता येते. ओरडणं हे पुष्कळदा मेंदूच्या इजेचं असतं. झटक्यानंतर चिडचिड, अचानक रडू येणं, नैराश्य हे बऱ्याच रुग्णांत दिसतं आणि त्यावर उपचार आहेत. न्यूरोलॉजिस्टच्या पुढच्या भेटीत 'स्वभाव बदललाय' एवढं मोघम सांगू नका. दिवसातून किती वेळा, कधी, कशावरून, हे लिहून न्या.

---

जुना_वाचक

इतकं मिसळून चालत नाही. विपश्यना घेतलीय तर तीच करा, विसुद्धिमग्ग, मोजणं, दूधवाला कशाला? दोन होड्यांवर पाय ठेवल्यासारखं होतं. वेळ मिळत नाही हे कारण नाही, सबब आहे. चारला उठा.

---

पिंपळपान

@जुना_वाचक, बैठकीत पद्धती मिसळू नयेत हे मीही वरच लिहिलंय, मान्य. पण चारला उठा हे रात्री बाराला, दोनला उठलेल्या बाईला सांगण्यात काय हशील? सोण नावाचे भिक्खू चंक्रमण (येरझाऱ्या घालत ध्यान) करून करून तळपाय फुटेपर्यंत प्रयत्न करत होते, तेव्हा बुद्धांनी त्यांना आणखी लवकर उठायला सांगितलं नाही, वीणेच्या तारा किती ताणायच्या हे विचारलं.

आणि शीर्षकात नसलं तरी प्रश्न मनोबलाचाही आहे. पाच बलं सांगितली आहेत: श्रद्धा, वीर्य (प्रयत्न), स्मृती (सजगता), समाधी, प्रज्ञा. त्यात वीर्य आणि समाधीचा तोल बघावा लागतो, श्रद्धा आणि प्रज्ञेचा बघावा लागतो. वीर्य जास्त झालं की मन सैरभैर, समाधी जास्त झाली की सुस्ती. स्मृती तेवढी कधीच जास्त होत नाही. ताईंकडे वीर्य भरपूर आहे, त्यात आणखी ओतायची गरज नाही.

---

कोरा_कागद

चौथा मुद्दा सगळे टाळतायत, म्हणून लिहिते. खरी गाठ तिथेच आहे.

विनयपिटकात (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात) महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. बुद्ध आणि त्यांचे शिष्य आनंद फिरत फिरत तिथे आले. विचारलं, तुझं कुणी करत नाही का? तो म्हणाला, मी कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी माझं करत नाही. आनंदांनी पाणी आणलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून धरलं, आनंदांनी पायांकडून, आणि दोघांनी उचलून मंचकावर ठेवलं. जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची करावी, हे प्रसिद्ध वचन इथलंच. कीर्तनात, प्रवचनात गोष्ट इथे संपते.

मूळ ग्रंथात ती संपत नाही. बुद्धांनी संघ बोलावला, विचारलं की हा का पडून राहिला, आणि नियम घालून दिला: उपाध्याय असेल तर त्याने बरं होईपर्यंत करायचं, तो नसेल तर आचार्याने, तो नसेल तर शिष्याने, सोबत्याने, आणि कुणीच नसेल तर संघाने. केलं नाही तर दोष. म्हणजे करुणेची परिणती वाटणीत झाली, एका भल्या माणसाच्या गळ्यात काम अडकवण्यात झाली नाही. आणि उचलायला दोघं होते हेही बघा.

त्याच जागी पुढे सांगितलंय की काही रुग्ण सेवा करायला अवघड असतात. पाच लक्षणं: पथ्य पाळत नाही, पथ्यातही प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, हिताची माणसं असूनही दुखणं खरं सांगत नाही, वेदना सोसत नाही. म्हणजे 'त्या अवघड आहेत' असं म्हणणं पाप नाही, ग्रंथात तो वर्ग आहे. सेवकाचेही पाच गुण दिलेत: औषध तयार करता येणं, काय चालतं काय नाही हे कळणं, लोभाने नव्हे, मैत्रीने करणं, मलमूत्र, थुंकी, ओकारीची किळस न करणं, आणि वेळोवेळी रुग्णाला धीर देता येणं. सगळे गोड बोलतात का, कधीच चिडत नाहीत का, हा निकष त्यात नाही.

दिरांसाठी दीघ निकायातलं सिगालोवाद सुत्त. आईवडिलांप्रति मुलांची पाच कर्तव्यं: त्यांनी पोसलं, आता मी पोसेन, त्यांची कामं करेन, कुळाची रीत राखेन, वारशाला पात्र राहीन, ते गेल्यावर त्यांच्या नावे दान देईन. ही कर्तव्यं मुलाची आहेत, वहिनीची नव्हेत. वारसा आणि सेवा एकाच यादीत आहेत, हे सातबाऱ्यावर नाव लावायच्या वेळी आठवण करून द्यायला हरकत नसावी. याच सुत्तात कामाला ठेवलेल्या माणसाबद्दलही आहे: झेपेल तेवढंच काम, जेवण आणि वेतन, आजारपणात काळजी, गोडधोड वाटून खाणं, वेळेवर सुट्टी. मावशींच्या बाबतीत हे पाळा. त्या टिकल्या तरच तुमचं ध्यान टिकेल.

करुणेचा उघड शत्रू क्रूरता. पण जवळचा शत्रू, म्हणजे तिच्याच वेषात येणारा, तो कुढणं. 'मीच एकटी करते' हे मनात दिवसभर फिरतंय तोवर कृती करुणेची दिसते, आत दौर्मनस्य (मनाची खिन्नता) वाढत असतं. त्याच्यावर उतारा आणखी करुणा नव्हे, कामाची यादी. एका आठवड्याची सगळी कामं वेळेसकट कागदावर मांडा: कूस किती वेळा, रात्रीच्या किती उठाउठी, डायपर किती, औषधं आणि मावशींचा पगार किती. नवऱ्यासह दिरांसमोर ठेवा. 'मदत करा' म्हणू नका. 'महिन्यातले हे आठ दिवस, किंवा रात्रीच्या आयाचा खर्च, यातलं काय?' असं विचारा. राग निवलेला असतानाच बोला. ध्यानाचा उपयोग इथे आहे, त्यांचा टोमणा ऐकून गप्प बसण्यात नाही.

'भोग आहेत' या म्हणण्यावर: संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने नेमकं हेच विचारलं, की जे काही भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मानेच ना? बुद्धांनी नाही म्हटलं. पित्त, कफ, वात, तिन्हींचं एकत्र बिघडणं, ऋतुबदल, निष्काळजीपणा, आघात आणि कर्म, अशी आठ कारणं दिली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वजन्मीच्या कर्मावर दुःखाचा भार टाकण्याला विरोधच केला आहे. सासूबाईंचा रक्तदाब नियमित तपासा, भोगांचं राहू द्या.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. हो, मी थेट सासूबाईंपासूनच सुरुवात करत होते. कागदाचं या रविवारी करते, ह्यांच्याशी बोलणं झालंय.

दोन शंका. बसणं अजिबात जमत नाही त्या दिवशी नुसतं चालून चालेल का? आणि कधी कधी बैठकीत छाती धडधडून घाम फुटतो, तेव्हा 'अनिच्च' (हेही अनित्य आहे) म्हणत बसून राहायचं का?

---

चाफेकळी

दुसरं आधी. एकदा डॉक्टरांना दाखवून हृदयाचं आणि थायरॉइडचं काही नाही ना हे बघा. तसं काही निघालं नाही तरी धडधड सुरू झाली की बसून राहू नका. डोळे उघडा, उभ्या राहा, खोलीतल्या चार वस्तू बघा, गार पाणी प्या. अंगभर मन फिरवणं काही दिवस बंद, फक्त डोळे उघडे ठेवून आनापान, तेही पाच मिनिटं. धडधड वारंवार व्हायला लागली, झोप उडाली, आजूबाजूचं सगळं खोटं-परकं वाटू लागलं किंवा जीव नकोसा झाला, तर ध्यान थांबवून मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. ज्यांच्याकडे शिबिर केलंत त्या केंद्रातल्या सहायक आचार्यांनाही कळवा.

---

पिंपळपान

चालून चालेल. चंक्रमण ही बैठकीची दुय्यम आवृत्ती नाही. अंगुत्तर निकायात तिचे पाच लाभ दिलेत, त्यात खाल्लेलं पचणं आहे आणि चालता चालता मिळवलेली समाधी जास्त टिकते हेही आहे. पंधरा-वीस पावलांची सरळ वाट पुरे, घरातला बोळ चालतो. अनवाणी. नजर चार-पाच हातांवर जमिनीकडे, हात पुढे किंवा मागे धरलेले. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं, एवढंच जाणायचं. टोकाला पोचलात की थांबा, एक श्वास, मग वळा. मन बहुतेक वेळा वळतानाच निसटतं. सासूबाईंच्या खोलीचं दार उघडं ठेवून, त्यांना तुम्ही दिसाल अशा वाटेवर चाललात तर हाका कमी येतील.